शंभराव्या सामन्याचा सत्कार मैदानावर करावा का?



आज कर्जाचं व्याज नाही, शेळीपालन नाही आणि लसीकरणही नाही. आज मैदानावर जायचंय. इंदापूर तालुक्यातल्या एका बचत गटानं पत्र पाठवलंय, आणि त्या पत्रात एक भांडण आहे. भांडण चांगलं आहे, म्हणून सगळ्यांपुढं मांडते. गावाचं आणि मुलीचं नाव घेणार नाही, त्यांनीच तसं सांगितलंय.

गावात मुलींचा कबड्डीचा संघ आहे. त्यातली एक पोरगी आठवीपासून खेळते. आता बारामतीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. यात्रेच्या स्पर्धेत ती गावाच्या संघाकडून शंभरावा सामना खेळणार आहे. हा आकडा कुणी मोजला म्हणाल, तर गटाच्या सचिवताईंनी. गटाच्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर त्या दर सामन्याची तारीख, गाव आणि निकाल लिहीत आल्या. पुढच्या पानांवर बचतीचे हप्ते, मागच्या पानांवर पोरीचे सामने.

आता गटाचं म्हणणं असं की शंभराव्या सामन्याच्या दिवशी, मैदानावरच, सगळ्या गावासमोर तिला फेटा बांधायचा. गावातली काही माणसं म्हणतात, अहो, स्पर्धा जिंकली तर सत्कार करू, नुसते शंभर सामने खेळली त्यात काय एवढं? दुसरे म्हणतात, सत्कार करा, पण ग्रामपंचायतीत खुर्च्या टाकून करा, खेळ कशाला थांबवायचा? आणि गटातल्याच दोघीतिघी म्हणतात, इतक्या पुरुषांपुढं पोरीला उभं कशाला करायचं, तिच्या लग्नाचं बघायचंय अजून. मुलीचे वडील नाहीत. चुलते घरातलं ठरवतात. एक स्थळ येऊन गेलंय.

तर असं ते पत्र. वरून विचारतंय फेट्याचं, पण आत बरंच काही आहे.

पहिला मुद्दा घेऊ, शंभर सामन्यांत काय एवढं, हा.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. एक जण चेंडू फेकतो, दुसरा जाड दांडक्यानं मारतो आणि पळत सुटतो. आपल्या विटीदांडूचा लांबचा मावसभाऊ समजा. त्या खेळात कॅल रिपकेन नावाचा एक खेळाडू होता, बाल्टिमोर शहराच्या संघाचा. १९८२ च्या मे महिन्यापासून तो एकही सामना चुकवेना. दुखतंय, खुपतंय, तरी हजर. त्याच्या आधीचा विक्रम लू गेरिग या खेळाडूच्या नावावर होता, ओळीनं २१३० सामन्यांचा. तो १९३९ मध्ये आजारपणामुळं तुटला होता आणि पुढं छप्पन्न वर्षं कुणाला गाठता आला नव्हता. ६ सप्टेंबर १९९५ ला रिपकेन २१३१ वा सामना खेळला. मैदानाशेजारच्या जुन्या वखारीच्या भिंतीवर मोठाले आकडे टांगलेले होते. सामना अर्ध्यावर आला, म्हणजे आता पाऊस आला तरी तो नियमानं झालेला धरला जाणार, त्या क्षणी भिंतीवरचा आकडा बदलला. २१३० चा २१३१. खेळ थांबला तो बावीस मिनिटं. लोक टाळ्या थांबवेनात. शेवटी साथीदारांनीच त्याला ढकलून मैदानाची फेरी मारायला लावली, आणि कडेला उभ्या असलेल्या लोकांचे हात हातात घेत तो सगळं मैदान फिरला.

आता बघा, हा सत्कार कशाचा होता? त्या दिवशी कुठला चषक जिंकला नव्हता. हा सत्कार होता हजेरीचा. रोज येण्याचा.

आणि रोज येणं म्हणजे काय, हे डेअरीला पहाटे नि संध्याकाळी दूध घालणाऱ्या बाईला मी सांगायची गरज नाही. गोठ्याला रविवार नसतो. आपल्या भागात घरटी एक तरी बाई अशी आहे की जिनं वीस वर्षांत धार चुकवली नाही. तिचा कुणी आकडा धरलेला नाही, ते जाऊ द्या. पण कबड्डीची पोरगी आठ वर्षं शाळा, कॉलेज, घरचं पाणी, खुरपणीचे दिवस, परीक्षा, दुखावलेला गुडघा, मासिक पाळी, आणि ‘आता पुरे झालं खेळणं’ हे दर सहा महिन्यांनी ऐकणं, यातून वाट काढत शंभर वेळा मैदानावर येते. मुलांच्या बाबतीत शंभर सामने ही खेळाची गोष्ट असेल. मुलीच्या बाबतीत त्यातला अर्धा खेळ घरातच जिंकावा लागतो. म्हणून ‘नुसते शंभर सामने’ यातला ‘नुसते’ मला मान्य नाही.

पण आकड्यांचं एक दुसरं अंगही आहे, ते झाकून ठेवणं बरं नाही. सचिन तेंडुलकरचं शंभरावं शतक आठवतंय? नव्याण्णवावं झालं १२ मार्च २०११ ला, नागपूरला, विश्वचषकात. मग वर्षभर सगळा देश मोजत बसला. आज होणार, उद्या होणार. माणूस फलंदाजीला उतरला की लोक संघाचा धावफलक सोडून त्याचाच आकडा बघायचे. अखेर १६ मार्च २०१२ ला बांगलादेशात मिरपूरला ते शतक झालं, आणि तो सामना भारत हरला. गंमत म्हणा किंवा काही म्हणा, नव्याण्णवाव्या शतकाचा सामनाही भारत हरलाच होता. आकडा मोठा होतो, तेव्हा तो खेळाडूच्या पाठीवर पोत्यासारखा बसू शकतो. आणि संघातल्या बाकीच्यांचं काय? कबड्डीत सात जणी एकमेकींचे हात धरून साखळी करतात तेव्हा पकड होते. एकीचाच फोटो आणि सहा जणी टाळ्या वाजवायला, असं झालं तर पुढच्या चढाईत ते दिसतं.

म्हणून माझं मत असं की आकडा आधी महिनाभर गाजवू नये. गावभर फ्लेक्स नको. त्या पोरीलाही आधी सांगू नका, जमलं तर. सामन्याच्या दिवशी तिनं नेहमीसारखं खेळावं.

तरी जिंकल्यावरच सत्कार करू म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण देते, आपल्या भारताच्या मुलींचंच. झूलन गोस्वामी, बंगालमधल्या चकदाहची जलदगती गोलंदाज. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तिच्या २५५ बळी आहेत. जगात सर्वांत जास्त बळींचा विक्रम तिनं २०१७ च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत केला. त्या दिवशी आपल्यापैकी किती जणींना ते कळलं असेल? तिचा शेवटचा सामना २४ सप्टेंबर २०२२ ला इंग्लंडमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर झाला. नाणेफेकीला कर्णधार हरमनप्रीत तिला सोबत घेऊन गेली. झूलन फलंदाजीला आली तेव्हा समोरच्या इंग्लंडच्या खेळाडू दोन रांगा करून उभ्या राहिल्या आणि टाळ्यांच्या मधून तिला आत नेलं. आणि मग ती पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाली. तर काय त्या टाळ्या परत घ्यायच्या? त्या टाळ्या त्या दिवशीच्या धावांच्या नव्हत्याच.

आता तिच्याच जोडीची मिताली राज बघा. तेवीस वर्षं भारतासाठी खेळली, एकदिवसीय सामन्यांत ७८०५ धावा. तिचा शेवटचा सामना झाला २७ मार्च २०२२ ला न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चला. विश्वचषकातला तो सामना आपण अगदी शेवटच्या षटकात हरलो आणि स्पर्धेबाहेर पडलो. जूनमध्ये तिनं मोबाइलवरून निवृत्ती कळवली. संपलं. निरोपाचा सामना नाही, मैदानाची फेरी नाही. त्याच देशात, नऊ वर्षं आधी, सचिनच्या दोनशेव्या कसोटीला वानखेडेवर काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. मला सचिनच्या सत्काराबद्दल तक्रार नाही, तो व्हायलाच हवा होता. पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा.

मितालीचं देणं फिटलं ते उशिरा, आणि फेडलं पुन्हा मुलींनीच. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. रात्री उशिरा, आनंदाच्या त्या गोंधळात, या मुलींनी चषक नेऊन मिताली, झूलन आणि अंजुम चोप्रा यांच्या हातात दिला. ज्यांना आपल्या काळात तो मिळाला नव्हता, त्यांनी तो मैदानावर उचलला. झूलनच्या डोळ्यांतून पाणी थांबेना. आणखी एक गोष्ट त्याच मैदानावर झाली. या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार, आपले मुंबईचे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११,१६७ धावा काढूनही या माणसाला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. हरमनप्रीत त्यांच्या पाया पडली. दोन मिनिटांचं काम. कुणी भाषण केलं नाही, कुणी कुणाची नावं घेतली नाहीत. मला विचाराल तर गेल्या कित्येक वर्षांतला मैदानावरचा सगळ्यात चांगला सत्कार तो.

नावं देण्याचं म्हणाल तर तेही हळूहळू सुरू झालंय. वानखेडेवर २०२५ च्या मे महिन्यात रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि आपल्या बारामतीचे शरद पवार यांच्या नावांचे स्टँड झाले. त्याच वर्षी कोलकात्याला ईडन गार्डन्सवर झूलनच्या नावाचा आणि विशाखापट्टणमला मितालीच्या नावाचा स्टँड झाला. बायकांच्या क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा आपल्या पुण्यात १९७३ च्या एप्रिलमध्ये झाली होती, तीन संघांची. त्या तीन संघांतल्या किती जणींची नावं आपल्याला माहीत आहेत? मला एकीचंही पटकन सांगता येणार नाही.

आता दुसरा मुद्दा. सत्कार मैदानावरच का, ग्रामपंचायतीत का नको.

यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्या यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानाकडे बघा. निकाली कुस्ती झाली, समोरच्याची पाठ लागली, हलगी कडाडली. जिंकलेला पैलवान अंगाला माती लागलेली असतानाच आखाड्याच्या कडेनं फिरतो. कुणी दहा रुपये देतो, कुणी शंभर, एखादा म्हातारा खिशातली एकच नोट काढून देतो आणि पाठीवर थाप टाकतो. कुणी डोक्याला फेटा बांधतं. आणि तोवर पुढची जोडी हाताला माती लावून उभी असते. सगळं मिळून किती वेळ लागतो? चहा गार व्हायच्या आत होतं. सत्कार ज्यांनी कुस्ती बघितली तेच करतात, आणि जिथं घाम गाळला तिथंच करतात. ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त त्या कडेला बायका उभ्या नसायच्या, आणि आत तर नसायच्याच. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिल्यांदा महिलांची महाराष्ट्र केसरी झाली, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती गदा मिळवली. म्हणजे आखाड्याचं दार उघडलंय. मग आखाड्याची रीतही पोरींना लागू व्हायला नको का?

ग्रामपंचायतीतल्या सत्काराला कोण येतं? सदस्य, चार प्रतिष्ठित, शाळेचे गुरुजी. मैदानावर कोण असतं? सगळं गाव. ज्या पोरांनी तिच्या शॉर्टवरून टिंगल केली ती पोरं असतात. ज्या बायका ‘एवढी मोठी झाली तरी उड्या मारते’ म्हणाल्या त्या असतात. मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसलेली सहावी-सातवीतली मुलगी असते. आणि चुलते असतात. मी मुद्दाम चुलत्यांचं नाव घेते. आपल्याकडे मुलीचा खेळ बंद होतो तो मैदानावर होत नाही, ओसरीवर होतो. दहावीनंतर नाही तर बारावीनंतर. घरचा माणूस वाईट असतो असं नाही, त्याला लोक काय म्हणतील याची धास्ती असते. त्याच लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तर त्याच माणसाला दारात आलेल्या स्थळाला ‘अजून दोन वर्षं थांबा’ म्हणायला बळ येतं. मी हे होताना बघितलंय. प्रत्येक वेळी होतं असं म्हणत नाही. पण खुर्च्यांच्या सत्कारानं ते कधीच झालेलं मी बघितलेलं नाही.

इथं गटातल्या त्या दोघीतिघींचं म्हणणं येतं, पुरुषांपुढं पोरीला कशाला उभं करायचं. बाई गं, ती शंभर वेळा त्यांच्यापुढंच खेळलीय. खेळताना चालतं आणि फेटा बांधताना चालत नाही, असं कसं?

तरीही मैदानावरच्या सत्काराचं आपल्याकडे जे झालंय, त्यावर दोन शब्द बोललेच पाहिजेत. एका तालुक्याच्या स्पर्धेला मी गेले होते. कुठल्या, ते सोडा. पोरी सकाळी नऊला अंग गरम करून तयार. पाहुणे आले साडेअकराला. मग दीपप्रज्वलन, मग हार, मग प्रत्येकाचं नाव पदव्यांसकट, मग भाषणं. पोरी उन्हात रांगेत उभ्या. एकीला चक्कर आली. पहिला सामना दुपारी एकला सुरू झाला आणि शेवटचा अंधार पडल्यावर. बाहेरगावच्या संघाची शेवटची एसटी गेली. त्या पोरी रात्री कुणाच्या तरी टेम्पोतून घरी पोचल्या. त्यातल्या दोघींना पुढच्या स्पर्धेला घरच्यांनी पाठवलं नाही. सत्कार खेळाडूंचा म्हणून होता बरं का. हार पडले पाहुण्यांच्या गळ्यात.

म्हणून ‘मैदानावर सत्कार करा’ असं मी म्हणते तेव्हा असला सत्कार मला नको आहे. यापेक्षा नसलेला बरा.

मुलींच्या कबड्डीत पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव असतात आणि मध्ये पाच मिनिटं मध्यंतर. तेवढ्यात बसेल तोच सत्कार. सामना चालू असताना थांबवायचा नाही. घामेजलेलं अंग गार पडलं की पायात गोळे येतात, मांडी धरते, आणि समोरचा संघही खोळंबतो. त्यांचं काय चुकलं? उलट त्या संघाला आधी सांगा, परवानगी घ्या, आणि त्यांनाही रांगेत उभं करा. पाहुण्या संघाच्या मुलींनी वाजवलेल्या टाळ्यांची किंमत गावच्या टाळ्यांपेक्षा जास्त असते, लॉर्ड्सवर तेच झालं. पंचांच्या कानावर घाला. लाऊडस्पीकरवर एकच वाक्य सांगायचं: हा हिचा शंभरावा सामना. पहिला सामना कुठल्या गावात कधी झाला तेही सांगा, वहीत आहेच. मग फेटा, हलगी, आणि सातही जणींनी मिळून मैदानाची एक फेरी. झालं.

पाहुणे हवेतच असतील तर त्यांना बोलवा, प्रेमानं बसवा, चहा द्या. माइक देऊ नका.

आता फेटा कुणी बांधायचा. पत्रात शेवटी, जरा चाचरतच लिहिलंय की औक्षण सरपंचबाईंनी करावं असं काही जणींचं म्हणणं आहे, कारण मुलीची आई… वाक्य तिथंच सोडलंय. मला कळलं. तुम्हालाही कळलं असेल.

मैत्रिणींनो, ज्या बाईनं नवरा गेल्यावर लोकांच्या शेतात खुरपून पोरीला बूट घेऊन दिले, जिनं दिराचे शब्द ऐकून घेतले आणि तरी पोरीला मैदानावर पाठवलं, तिनं त्या दिवशी गर्दीत मागं उभं राहायचं? आणि जिचा या सगळ्यात काही संबंध नाही तिनं पुढं येऊन ओवाळायचं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवांच्या बाबतीतल्या असल्या प्रथा बंद करायचा ठराव केला. पुढं राज्य सरकारनं तो इतर गावांसमोर ठेवला. आपण ठरावाची वाट बघू नये. फेटा आईनंच बांधावा. बांधता येत नसेल तर दुसऱ्यानं बांधावा आणि तुरा आईनं खोचावा. सचिनच्या शेवटच्या कसोटीला त्याच्या आईला, रजनीताईंना, चाकाच्या खुर्चीवरून मैदानावर आणलं होतं. एवढी वर्षं मुलाचा खेळ मैदानावर येऊन त्यांनी बघितला नव्हता. आणि त्या बेसबॉलमध्येच हँक आरन नावाचा खेळाडू होता, कृष्णवर्णीय. १९७४ मध्ये त्यानं एका गोऱ्या खेळाडूचा फार जुना, फार लाडका विक्रम मोडला. त्याआधी त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. त्या रात्री विक्रमाचा फटका मारून तो धावत परत आला, तेव्हा त्याला मिठीत घ्यायला त्याची आई मैदानात पोचली होती.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि शाल-श्रीफळाचा. शाल तिच्या काय कामाची? आपल्याकडे बारा महिन्यांतले दहा महिने उकाडा. साडी तर मुळीच नको, तिचा अर्थ चुलते वेगळाच लावतील. गुडघ्याला बांधायचा चांगला पट्टा, चांगले बूट, नाही तर पुढच्या परीक्षेची फी. गटाच्या बचतीला मात्र हात लावू नका. तो पैसा सगळ्यांचा आहे आणि त्याचा हिशेब बँकेत द्यावा लागतो. वेगळी वर्गणी काढा, पन्नास-पन्नास रुपये. आखाड्यासारखं मैदानाच्या कडेनं ताट फिरवलं तरी चालेल, आणि जमलेली रक्कम तिथंच मोजून सांगा.

सत्कार झाला म्हणजे आपलं काम संपलं, असंही समजू नका. खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते, तर त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. पदक घेऊन आले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. असा सत्कार पुन्हा होणे नाही. पण पुढं काय? खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. पोलिसात नोकरी केली. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. त्या बैलगाड्या वाईट होत्या का? मुळीच नाही, खेड्यातल्या लोकांनी आपल्याजवळ होतं ते सगळं दिलं. पण बैलगाड्या परत गेल्यावर जे करायचं होतं ते सरकारनं केलं नाही.

म्हणून त्या वहीकडे परत वळते. सचिवताई, तुमची ती मागची पानं मला फेट्याइतकीच मोलाची वाटतात. आपल्या पोरींची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत, आणि पावसाळ्यात भिजलेली असतात. खेळाडूंना राज्य सरकारच्या नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्यासाठी यात्रेच्या स्पर्धेची प्रमाणपत्रं चालत नाहीत. मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत स्पर्धेतली कामगिरी लागते, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. तिच्या शंभर सामन्यांतले असे अधिकृत किती, ते वहीत वेगळ्या खुणेनं लिहून काढा. ती शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे आत्ताच जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन काय चालतं, काय चालत नाही हे विचारून घ्या. धाराशिवची खोखोपटू सारिका काळे घरच्या गरिबीतून वर आली, भारताची कर्णधार झाली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करू लागली. अशी एक तरी बाई आपल्या तालुक्याच्या कचेरीत बसलेली असावी, असं मला फार वाटतं.

यात्रेची तारीख ठरली की आम्हाला कळवा, आम्ही रेकॉर्डर घेऊन येतो. हलगीवाल्यांना आत्ताच सांगून ठेवा, यात्रेच्या दिवसांत ते मिळत नाहीत. आणि पाहुणा संघ लांबचा असेल तर त्यांच्या परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारा, आणि सामना त्या हिशेबानं लावा.